कूलरसमोरची खुर्ची

१

अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात उलटी केलेली कापडी पिशवी होती.

"मॅडम, माझी फाइल नाही सापडून राहिली."

"नीट पाहिलंस?"

"सारं पाह्यलं जी. माझ्या खुर्चीच्या गादीखाली होती. हॉल तिकीट त्यातच होतं."

मी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात तिचा दुसरा पेपर होता. पहिल्या पेपरच्या वेळी पर्यवेक्षकाने फोटोवर सही करून परत दिलेलं हॉल तिकीटच दुसऱ्या पेपरला आणायचं, नवी प्रत चालणार नाही, असा या सरकारी भरतीच्या परीक्षेचा नियम होता. मीच तो अभ्यासिकेच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवला होता. तिकीट नाही म्हणजे पेपर नाही. आणि यंदा पेपर नाही म्हणजे अपेक्षाला पुढे काही नाही. "आता नाही जमलं तर सामान बांध अन् घरी ये," असं बार्शीटाकळीहून तिच्या बाबांनी होळीलाच बजावलं होतं. त्यांनी पाहून ठेवलेला मुलगाही मला माहीत होता. तो वाईट नव्हता, पण अपेक्षाला तो नको होता. तिला नोकरी हवी होती.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत अभ्यासिका सुरू केली. आत शिरताना मोबाइल व्हरांड्यातल्या टोपलीत टाकायचा आणि आत पूर्ण मौन पाळायचं. अगदीच अडलं तर कानाशी येऊन एक वाक्य. नाहीतर सगळं बोलणं पोह्यांच्या सुट्टीत. मुलं मला चिडवायची, "मॅडम, इथं तर पालही चुकचुकत नाही." पण मौन मोडत नसत.

दुसरी रीत कूलरसमोरच्या खुर्चीची. दर सोमवारी मी चाचणी घेई, निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, निम्मे सामान्य ज्ञानाचे. जो पहिला येईल त्याला आठवडाभर कूलरसमोरची खुर्ची. अमरावतीचा मे महिना ज्याने काढलाय त्यालाच या बक्षिसाची किंमत कळेल. बाकीच्यांना त्या खुर्चीवर बसणाऱ्याची पाठ दिसायची आणि कूलरचं उरलंसुरलं वारं लागायचं.

होळीपासून ती खुर्ची अपेक्षाने सोडली नव्हती.

मी बाहेर आले. खोलीत आणखी तिघं होते. पोहे खाऊन सगळे परतल्यापासून मी व्हरांड्यात फाटकासमोर डाळ निवडत बसले होते आणि त्यानंतर एकही जण फाटकाबाहेर गेला नव्हता. दुपारी मी चहा टाकायला उठले, तेव्हा फाटकाला कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

म्हणजे फाइल आवारातच होती, आणि घेणाराही.

२

"हा तर सरळ रीझनिंगचा प्रश्न झाला," ईशान म्हणाला. "चार जण एका खोलीत बसले आहेत. त्यांपैकी एक चोर आहे. तर..."

"तू गप रे," प्रणाली त्याच्यावर खेकसली. "तिच्या जीवावर आली अन् तुले मस्करी सुचून राहिली." तिने अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवला.

ईशान इथलाच, वकिलाचा मुलगा, हुशार आणि आळशी. पहिल्या पेपरात अर्ध्या गुणाने राहिला होता. हे तिघं उद्या अकोल्याला जाणार आणि तो घरी बसणार, हे त्याला झोंबत होतं. "जीके म्हणजे काय, नुसती घोकंपट्टी," असं तो अपेक्षाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा.

गजेंद्र तिवशाचा. सगळ्यांत मोठा. या परीक्षेसाठी त्याच्या वयाची मुदत यंदा संपत होती. पोरं त्याला 'काका' म्हणत आणि तो हसून घेई, पण हसताना त्याचे ओठ आवळलेले असत. चाचणीत तो बहुतेक तिसरा येई.

आणि प्रणाली, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिनेच अपेक्षाला माझ्याकडे आणलं. दोघी मागच्या गल्लीत एकाच खोलीत राहत. पहिल्या वर्षी अपेक्षाला रक्तसंबंधाची कोडी अजिबात सुटत नसत. 'एका फोटोकडे बोट दाखवून बाई म्हणाली' असं वाचलं की तिला रडूच यायचं. प्रणालीने तिला ती गच्चीवर बसून, खडूने वंशावळी काढून शिकवली. तेव्हा कूलरसमोरची खुर्ची प्रणालीची होती.

मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. गाद्या झटकल्या, पुस्तकांच्या कपाटामागे हात घातला. काही नाही. घाम निथळत होता. डोक्यावर पंखा गरम हवा ढवळत होता, आणि काहीतरी नेहमीसारखं नव्हतं असं मला सारखं वाटत होतं.

मग लक्षात आलं. वाळ्याचा वास नव्हता. लहानपणी आमच्या शाळेच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावत आणि शिपाई त्यांवर पाणी मारून गेला की वर्गभर तो ओला, मातकट वास पसरे. कूलर घेताना मी हट्टाने वाळ्याच्याच जाळ्या बसवून घेतल्या त्या याच वासासाठी. एरवी पोह्यांच्या सुट्टीनंतर लागणारा कूलर आज बंद होता.

पण याचं कारण मला माहीत होतं. सकाळी कुरडया घालून गच्चीवरून उतरले तेव्हा प्रणालीच लगबगीने व्हरांड्यात आली होती आणि हळूच म्हणाली होती, "मॅडम, तुमचं लाइट बिल केवढं येऊन राहिलं! आजचा दिवस आमी पंख्यावर काढतो." मला इतकं बरं वाटलं होतं की मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

तो विचार मी बाजूला सारला आणि रमाला फोन केला.

३

रमा आणि मी पहिलीपासून एका वर्गात. ती नेहमी पहिली आणि मी दुसरी. प्रार्थनेनंतर निकाल वाचून दाखवत, तेव्हा तिच्या नावानंतर हेडमास्तर जरा थांबत, टाळ्या होत, आणि टाळ्या संपता संपता माझं नाव येई. ते कोणालाच ऐकू जात नसे. पुढे ती वकील झाली, कोर्ट गाजवलं. आता दोन गल्ल्या सोडून राहते आणि चारच्या चहाला माझ्याकडे येते. केस अजून काळे आहेत तिचे, न रंगवता.

"सुभद्रे, तू सगळ्यांना एकत्र का विचारलंस?" आल्या आल्या तिने मला झापलं. "साक्षीदार एकेकटा घ्यायचा असतो." आणि माझ्याच व्हरांड्यात माझीच खुर्ची ओढून बसली.

तिने सगळ्यांना पाळीपाळीने बोलावलं. तासाभरात चित्र स्पष्ट झालं. पोह्यांच्या सुट्टीत चौघंही कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खायला गेले होते. मी गच्चीवर होते. मधल्या वेळात तिघंही एकेकदा घरात येऊन गेले होते. गजेंद्र चष्मा विसरला म्हणून, ईशान मोबाइल घ्यायला, प्रणाली बाटल्या भरायला. गाडीवर परतताना मात्र कोणाच्याही हातात फाइल नव्हती. अपेक्षा तेवढी गाडीवरच होती, मैत्रिणीची प्लेट सांभाळत.

"फाइल गादीखाली ठेवतेस हे कोणाला माहीत होतं?" रमाने तिला विचारलं.

"साऱ्यांले जी. कोनी कोनाच्या जागेले हात नाही लावत इथं."

"ईशान, तुला काय वाटतं?"

"मला काय, मी तर रेसमध्येच नाही," ईशान म्हणाला. "आज कूलर भरायची पाळी माझी होती, मी सकाळीच टाकी काठोकाठ भरली. याउपर माझ्याकडून समाजसेवेची अपेक्षा करू नका."

प्रणाली बोलताना रडली. "मावशी, ती माझ्या बहिणीसारखी आहे. उद्या आमी दोघी संगच जानार होतो." रमाने तिला पाणी दिलं.

गजेंद्र मात्र अडला. बाजूच्या अंगणात त्याची मोटारसायकल उभी होती. तिची डिक्की तेवढी तपासायची राहिली होती.

"डिक्की उघड," रमा म्हणाली.

"नाही उघडत."

"का?"

"माझी खाजगी गोष्ट आहे."

रमाने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला शाळेपासून माहीत आहे. उत्तर सापडलं की तिच्या एका भुवईला जरा उंची येते.

४

"तुझं वय सरत चाललंय," रमा थंडपणे म्हणाली. "जागा मोजक्या. ही मुलगी तुझ्या पुढे आहे. ती बसली नाही तर तू एक पायरी वर चढतोस. डिक्की उघडायला तू नकार देतोस. कोर्टात मी एवढ्यावर..."

"हे कोर्ट नाही ना पन!" गजेंद्र ओरडला. "माहं वय सरलं म्हनून मी चोर? चार वर्षं झाली मॅडम, तुमच्या घरचं पानी पेऊन राहिलो. कदी एक पेन्सिल उचलली का कोनाची?"

त्याने किल्ली काढली, डिक्की उघडली आणि आतली पुडी रमासमोर आपटली. काळ्या मेंदीची पुडी होती.

"घ्या! केस रंगवतो मी. उद्या हॉलमधी पोट्टे 'काका, पालकाईनं बाहेर बसा' म्हन्तेत म्हनून. झालं समाधान?"

कोणी हसलं नाही. रमाची भुवई खाली आली. गजेंद्रने पुस्तकं पिशवीत कोंबली. "फाटक उघडा मॅडम. मी चाललो. उद्याचा पेपर माहाही आहे, पन आता मन नाही राहिलं."

एक पेपर बुडण्याच्या बेतात होताच, आता दुसराही. शिवाय फाटक उघडलं तर फाइल कोणाबरोबर बाहेर जाईल याचा नेम नव्हता.

"पाच मिनिटं थांब," मी त्याला म्हटलं. "घाम बघ केवढा आलाय. आत ये, पन्हं देते."

५

त्याने पन्ह्याचा पेला एका घोटात संपवला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"इतकं उकडतंय तर कूलर का नाही लावलास?" मी काही मनात न ठेवता विचारलं.

"कसा लावू? अपेक्षाचा घसा धरला ना. उद्या पेपर आहे तिचा. प्रणालीनं कानात सांगितलं म्हनून गप बसलो, नाही तर जीव चाल्ला होता माहा."

माझा हात मडक्यावरच राहिला. अपेक्षा सकाळपासून माझ्याशी चांगली खणखणीत बोलत होती.

त्याला तिथेच बसवून मी ईशानला आत हाक मारली.

"कूलर आज बंद का रे?"

"गजूकाकांना सर्दी झालीये ना? मी बटणाकडे गेलो तर प्रणालीने खूण करून सांगितलं, म्हणाली, लावू नको, त्याला ताप भरेल."

"माले सर्दी?" गजेंद्र पेला ठेवत म्हणाला. "मे महिन्यात?"

मी दोघांनाही बोटाने गप केलं. अपेक्षाला बोलावलं. ती तर कूलरसमोरच बसणारी.

"करंट मारून राहिला जी तो," ती म्हणाली. "प्रणालीले झटका बसला सकाळी. मले म्हने, जवळही जाऊ नको, मॅडमले मी सांगतो. नाही सांगितलं तिनं?"

रमा दाराशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. "एका कूलरचं काय घेऊन बसलीस सुभद्रे," ती पुटपुटली. "फाइल शोध."

या वेळी उत्तर तिच्या आधी मला सापडलं होतं. तेवढ्यापुरतं, फार वर्षांनी, मला खूप छान वाटलं.

६

मी सगळ्यांना खोलीत नेलं. प्रणाली आपल्या जागेवर पुस्तक उघडून बसली होती. कूलर नेहमीसारखा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता. त्याची मागची जाळी बाजूच्या अंगणात उघडते, जिथे पाण्याचा नळ आहे.

"बसा सगळे," मी म्हटलं. "आधी जरा गार होऊ या." आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"मॅडम, करंट!" अपेक्षा म्हणाली.

"बटणाला नाही येत तो. ईशानने टाकी भरलेली आहे. मोटर लावते."

बोट बटणावर टेकलं आणि प्रणाली ताडकन उठली.

"नका लावू! भिजन ते!"

मी बोट मागे घेतलं.

"काय भिजेल, प्रणाली?" मी विचारलं.

तिची नजर खिडकीबाहेरच्या कूलरकडे गेली. गजेंद्र बाजूच्या अंगणात गेला. जाळी उचकटल्याचा आवाज आला. खिडकीतून त्याचा हात आत आला, तेव्हा त्यात अपेक्षाची पुठ्ठ्याची फाइल होती. वाळ्याच्या चार काड्या चिकटलेल्या, आणि पूर्ण कोरडी.

रमा खुर्चीवर बसली. "सांग," ती म्हणाली. माझ्याशी असं ती पहिल्यांदाच बोलत होती.

"बिल जास्त येतं, असं तिनं मला सांगितलं," मी म्हटलं. "गजेंद्रला सांगितलं की अपेक्षाचा घसा धरलाय. ईशानला सांगितलं, गजेंद्रला सर्दी आहे. अपेक्षाला सांगितलं, करंट मारतो. कारणं वेगळी, सांगणारी एकच. आणि वेगळी का, ते बघ. ज्याच्या त्याच्या तोंडावर खोटं पडणार नाही असंच कारण प्रत्येकाला दिलं. सर्दीचं गजेंद्रला सांगून चाललं नसतं, घशाचं अपेक्षाला चाललं नसतं, बिलाचं मुलांना सांगितलं असतं तर ती मला विचारायला आली असती. दुसऱ्या कुठल्या घरात हे घटकाभरही टिकलं नसतं. इथे टिकलं, कारण माझ्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नाही."

"पण कूलर बंद ठेवायचाच कशाला? भिजली असती फाइल तर तिचं काम झालंच असतं," रमा म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. अपेक्षा प्रणालीसमोर जाऊन उभी राहिली होती.

"काहून व?" तिने एवढंच विचारलं.

"रोज तुही पाठ पाहून राहिली मी," प्रणाली म्हणाली. "मीच शिकवलं तुले अन् मीच तुह्या मागं. घरी फोन केला तर बाबाही विचारतेत, अपेक्षा कितवी आली? मले फक्त तुले घाबरलेलं पाहाचं होतं. एकदा. पह्यल्या वर्षी घाबरायची तशी."

"अन् मंग? संध्याकाळी देली असती?"

"देनार होती."

"खरं सांग."

प्रणालीने मान खाली घातली. "मले नाही मालूम. पन भिजू नसती देली."

अपेक्षाने फाइल उचलली आणि त्या संध्याकाळी ती आपल्या खोलीवर गेली नाही. माझ्याकडे झोपली.

७

सकाळी अकोल्याच्या एसटीसाठी निघायचं होतं. रमाही आली होती, मुलांच्या हातावर दही ठेवायला. मनात चुकल्यासारखं असलं की ती न बोलावता येते. गजेंद्रचे केस कुळकुळीत काळे दिसत होते. "काका म्हना," तो ईशानला म्हणाला, "पन नीट म्हना." ईशान सगळ्यांना स्टँडवर सोडायला मुद्दाम आला होता.

फाटकाबाहेर प्रणाली उभी होती. आत यायचं धाडस तिला झालं नव्हतं. डोळे सुजलेले होते.

अपेक्षा पायऱ्या उतरली. ऊन आतापासूनच चटकत होतं. तिने पिशवीतून स्कार्फ काढला, मग हातातल्या फाइलकडे पाहिलं. फाइल धरून स्कार्फ बांधता येईना. गजेंद्र शेजारीच होता, ईशानही होता. ती सरळ फाटकापर्यंत गेली आणि फाइल प्रणालीपुढे धरली.

"धर. स्कार्फ बांधू दे."

प्रणालीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. अपेक्षाने सावकाश स्कार्फ बांधला. अगदी सावकाश, गाठ दोनदा सोडून.

"बांधून झाला का व?" प्रणाली म्हणाली. तिचा आवाज फुटत होता.

"घाई काहून? पेपरात मी पह्यली येनार हे तं ठरलंच आहे."

"येऊन दाखव," प्रणाली म्हणाली. आणि मग दोघी ऑटोत बसल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये गजेंद्र आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ईशान.

ऑटो वळणाआड गेल्यावर रमाने माझा दंड धरला. "वेडी आहे ही मुलगी. पुन्हा तिच्याच हातात दिलं तिकीट!"

"तिच्याइतकं जपून कोणी धरलं नसतं," मी म्हटलं. "काल एक थेंब लागू दिला नाही तिनं."

"हे तुला कालच कळलं होतं? मी विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस?" ती थांबली. "आणि मला कसं नाही कळलं?"

मी तिच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं. कोर्टात तिने खूप माणसं पाहिली असतील, पण वर्गात तिच्या पुढे कधी कोणी बसलंच नव्हतं.

"तू पहिल्या बाकावर होतीस ना," मी म्हटलं. "चल, चहा टाकते."